उतरता खांदा

"नाव काय त्यांचं?" सुनेनं मोबाइल हातात घेत विचारलं.

"टिल्लू," मास्तर म्हणाले.

"खरं नाव, बाबा."

"सगळी शाळा टिल्लूच म्हणायची. गुरुजीसुद्धा."

"बरं, काही खूण?"

पन्नास वर्षं कपडे शिवून मास्तरांना एक खोड जडली होती. माणसाचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नसे, माप तेवढं राहत असे. सख्ख्या साडूला ते पाठमोरा असल्याशिवाय ओळखत नसत.

"डावा खांदा," ते ठामपणे म्हणाले. "उजव्यापेक्षा पाऊण इंच उतरता."

सुनेनं कपाळावर हात मारला. पण सत्तरी ओलांडल्यापासून सासऱ्यांना एकच गोष्ट खात होती, हे तिला ठाऊक होतं. अकरा वर्षांचे असताना मास्तरांनी वडिलांची नजर चुकवून त्यांच्या मशीनवर आयुष्यातला पहिला शर्ट शिवला, तो टिल्लूसाठी. शर्ट डावीकडे घसरायचा. एका संध्याकाळी दुकानासमोर पोरं खो खो हसली, आणि इज्जत वाचवायला मास्तर ओरडले, "शर्ट सरळ आहे, ह्याचं अंगच वाकडं आहे!" टिल्लू मान खाली घालून घरी गेला. आठवड्याभरात त्याच्या वडिलांची बदली झाली आणि तो गेला तो गेलाच.

"माणसाच्या व्यंगावर बोललो गं मी," मास्तर म्हणाले. "एकदा भेटला पाहिजे. पाय धरीन त्याचे."

सुनेनं निरोप लिहिला आणि चार ग्रुपवर टाकला. आता लोकांना वाचायचा कंटाळा, पुढे ढकलायची मात्र भारी हौस. कुणीतरी लांबण नको म्हणून वरचा बालमित्राचा भाग कापला. शहरभर फिरलं ते एवढंच : 'डावा खांदा उतरता असल्यास टेलर मास्तरांना समक्ष भेटावे. वेळ दहा ते एक.'

दुसऱ्या दिवशी दुकानाचं कुलूप उघडायच्या आधीच दारात चौदा माणसं उभी होती.

"मास्तर, हाड बसवता ना तुम्ही?" पहिल्या गृहस्थांनी विचारलं.

"मी बाही बसवतो!"

"बघा ना जरा. तेल घरून आणलंय." त्यांनी शर्टाची बटणं सोडायला सुरुवातसुद्धा केली.

हाकलून द्यावं तर न जाणो, ह्यांच्यातच टिल्लू असायचा. म्हणून मास्तरांनी सवयीप्रमाणे एकेकाला पाठमोरं उभं केलं आणि टेप लावली. सून वहीत लिहून घेऊ लागली. अर्धा इंच, सव्वा इंच, एकाचा तर उजवाच उतरता. मास्तर पाठीवर एक थाप मारून "तुम्ही नव्हे" म्हणत आणि पुढच्याला बोलवत. त्या थापेनं एका आजींचा खांदा मोकळा झाला. झालं! आजींनी ही बातमी घरोघर नेली. तिसऱ्या दिवशी रांग कोपऱ्यावरच्या लाँड्रीपर्यंत गेली आणि शिवायला घेतलेले सात कोट तसेच पडून राहिले.

"बाबा, बास झालं आता," सून रडकुंडीला आली. "माझी रजा संपत आली."

"आजचा दिवस," मास्तर म्हणाले. "पुढचे या. वळा."

एक उंच म्हातारे वळून उभे राहिले. मास्तरांनी टेप लावली. दोन्ही खांदे एका पातळीत.

"तुम्ही नव्हे. पुढचे."

म्हातारे हलले नाहीत. "चिंध्या," ते म्हणाले, "माणसाचं तोंड कधी बघायला शिकणार तू?"

ह्या नावानं हाक मारणारा जगात एकच माणूस होता. पण पाऊण इंचाचं काय?

"टिल्लू? खांद्याचं ऑपरेशन केलंस?"

"कसलं ऑपरेशन? मी तर 'टेलर मास्तर' वाचून तूच असशील म्हणून आलो. काय झालंय माझ्या खांद्याला?"

"उतरता होता ना! त्यावरून मी सगळ्यांसमोर तुला..." मास्तर त्याच्या पायांशी वाकले. "माफ कर रे."

टिल्लू आधी गोंधळला, मग खदाखदा हसला. "अरे, खांदा धडच होता. शर्ट वाकडा होता तुझा! डाव्या बाजूला कापड कमी कापलं होतंस. तो नीट दिसावा म्हणून मी महिनाभर तिरका चाललो."

मास्तरांनी विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तुझे वडील मागे दारात उभे होते. शर्ट वाकडा आहे म्हटलं असतं, तर त्यांनी तुला पुन्हा मशीनला हात लावू दिला असता?"

साठ वर्षं मास्तर ज्याला टिल्लूचं व्यंग समजत होते, त्या तिरक्या चालीच्या जोरावर त्यांचं अख्खं दुकान उभं होतं. त्यांनी मित्राला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले. सूनही वहीत तोंड खुपसून रडली.

जरा वेळानं रांगेतले पुढचे गृहस्थ खाकरले. "मास्तर, माझं काय? माझा तर चांगला इंचभर उतरता आहे. तुम्हीच मागे माप घेताना सांगितलं होतं."

मास्तरांनी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे, आयुष्यात पहिल्यांदाच, समोरून नीट पाहिलं.

"अंगातला कोट कुठे शिवला?"

"इथेच की."

"खांदा ठीक आहे तुमचा," मास्तर म्हणाले. "कोट काढून ठेवा."

मागे रांगेत एकेकजण मुकाट्यानं बटणं सोडू लागला.