भैरवाचं वाहन आणि भाड्याची खोली

"कुत्रं हाय?" हंबीररावांनी विचारलं आणि हातातली किल्ली परत खिशात टाकली.

"आहे, पण फार शांत आहे," सुष्मिता म्हणाली. "दहीभातावर राहतो बिचारा."

"पावणं, दहीभातावर ऱ्हाऊ दे न्हायतर एकादशी धरू दे. आमच्यात जनावर चालत न्हाय."

हे हंबीरराव दारात बांधलेल्या म्हशींच्या मधे उभं राहून सांगत होते. त्यांतल्या एकीनं त्याच वेळी सुष्मिताच्या नवऱ्याच्या, श्रीशैलच्या, नव्या बुटावर शेण टाकलं. श्रीशैलनं म्हशीकडं बोट दाखवलं. हंबीरराव दुखावले.

"ती जनावर व्हय? ती लक्ष्मी हाय!"

गडहिंग्लजचा श्रीशैल कोल्हापुरातल्या एका कॉलेजात नुकताच प्राध्यापक म्हणून लागला होता. कॉलेज उघडायच्या आत बिऱ्हाड लावायचं होतं, आणि बिऱ्हाडात सुष्मितानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला काळ्या होता. त्याला गावी ठेवावं, तर सासरे रुद्राप्पा म्हणाले होते, "तुमची पाठ फिरली की ट्रकवाल्याला देऊन टाकतो." तेव्हा घर मिळेल ते तिघांना, असं सुष्मितानं ठरवलं.

कॉलेजांचं शहर, त्यामुळं 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी प्रत्येक गल्लीत होती. मालक आधी जात विचारत, मग मटण शिजतं का विचारत, मग पाहुणे किती येतात ते. नवरा-बायको सगळ्यात पास होत. मग काळ्या जीभ बाहेर काढून फाटकात बसे आणि सगळे नापास होत. एका बंगल्याच्या भिंतीवर संगमरवरात 'भूतदया हाच धर्म' असं कोरलं होतं आणि खाली 'कुत्र्यापासून सावध रहा' असा पत्रा ठोकला होता. तिथली भूतदया मालकाच्या कुत्र्यापुरतीच होती.

शेवटी दोघं मंगळवार पेठेत तानाबाईंच्या दारात आली. तानाबाई केळीच्या पानावर उडदाचे वडे नि दहीभात घेऊन फाटकात उभ्या होत्या. काळाष्टमी होती. भैरवाचं वाहन म्हणून काळ्या कुत्र्यानं नैवेद्य खाल्ल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असं त्यांचं व्रत. पण गल्लीत औषधाला कुत्रं नव्हतं. झोपमोड होते म्हणून गल्लीनं अर्ज केला होता आणि महापालिकेची गाडी सगळी कुत्री उचलून घेऊन गेली होती. अर्जावर पहिली सही तानाबाईंचीच होती.

"खोली बघायला आलोय," श्रीशैल चाचरत म्हणाला, "पण आमच्याकडं कुत्रं..."

"काळं हाय न्हवं?"

"हो."

"पांढरा ठिपका बिपका?"

"नाही."

"मग बघत काय उभा ऱ्हायलाईस? आण की आत त्याला!"

काळ्यानं पान चाटूनपुसून साफ केलं. तानाबाईंनी त्याला हात जोडले, घटाघटा तांब्या रिकामा केला आणि किल्ली सुष्मिताच्या हातात ठेवली.

पुढच्या अष्टमीला शेजारच्या आक्का ताट घेऊन आल्या, तानाबाईंच्या गुडघ्याची सूज उतरली हे ऐकून. त्यांच्या मागोमाग गल्ली आली. कुणाच्या पोराला नोकरी हवी होती, कुणाच्या पोरीला स्थळ. अष्टमीवर भागेना, तेव्हा रविवारही भैरवाचाच ठरला. दारात रांगोळी पडू लागली. देवाचं वाहन गोणपाटावर कसं निजणार, म्हणून गादी काळ्याला गेली आणि दोघं चटईवर आली. पंखा त्याच्या डोक्यावर सरकला. स्वयंपाकातला कांदा बंद झाला. सुष्मिता एकदा नुसती "हो बाजूला, गधड्या" म्हणाली, तर तानाबाईंनी खिडकीतून झापलं, "त्याला शिव्या देतीस व्हय गं? आमच्या घराला भोवंल की!"

रोज मोजून जपमाळ ओढणाऱ्या या गल्लीत त्या मुक्या जिवाला पाण्याची वाटी मात्र सुष्मिताच ठेवी. पाण्याचं पुण्य कुणाला ठाऊक नव्हतं.

एका रविवारी श्रीशैल पेपर तपासत बसला होता आणि बायका त्याच्या डोक्यावरून ताटं नेत होत्या. तानाबाईंनी सुष्मिताला बाजूला घेतलं.

"पोरी, राग मानू नगंस. एवढ्या बायामाणसांत तुजा मालक लुंगीवर बसल्याला. बरं दिसतंय व्हय? दुसरी खोली बघा."

"बघू मावशी. पण कुत्र्यासकट कोण ठेवून घेणार?"

"त्येच म्हंते की मी! तुमास्नी दोघास्नी कुठंबी खोली मिळंल. त्या मुक्या जिवाला कोण घेणार? त्यो हितंच ऱ्हाऊ दे."

सामान हातगाडीवर चढलं. "काळ्या, चल," सुष्मितानं हाक मारली. काळ्यानं एक डोळा उघडला, उंबऱ्याशी आलेला गरम वडा पाहिला आणि गादीवर कूस बदलली. भक्तांची सवय देवालाही लागते म्हणतात, मग वाहनाचं काय!

पुढच्या अष्टमीला सुष्मिता ताट घेऊन रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा काळ्यानं तिचा हात हुंगला, शेपूट जोरात हलवलं, दहीभात खाल्ला आणि मागच्या ताटाकडं मान वळवली. सुष्मितानं डोळे मिटून हात जोडले.

"आवर गं, मागं बायका हाईत," तानाबाई म्हणाल्या. "एवढं काय मागितलंस?"

"कुत्रं," सुष्मिता म्हणाली.