नेटसाठी पाडलेली भिंत

नेट धड चालत नाही म्हणून घरातली भिंत पाडणारा माणूस मी अख्ख्या बुलढाण्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा शेजारी निघाला. घणाचे आवाज ऐकून धावत गेलो, तर वानखडेकाका विटांच्या ढिगात उभे!

"काका, हे काय करून राह्यले?"

"वायफायले आडवी येत होती. आधी आपल्या घरचा दोष पाह्यचा मास्तर, मंग लोकाइले बोलायचं."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कचेरीतली कारकुनी संपल्यावर काकांनी घरच्या कॉम्प्युटरवरची विंडोज काढून लिनक्स टाकलं. "याचे नटबोल्ट आपल्याले खोलता येते," म्हणायचे. आणि खोलायचेही! गेल्या महिन्याभरात त्यांनी केबल बदलली, राऊटर माळ्यावर चढवला, लिनक्स पुसून पुन्हा टाकलं. आता ते दाराच्या चौकटीकडे संशयाने बघत होते.

मी घाबरून त्यांच्या वायफायला माझा मोबाईल जोडला. व्हिडिओ धडाधड चालला. मी चाटच पडलो.

"काका, नेट तर चालू हाय! भिंत कायले पाडली?"

"मंग हे काऊन ओ देत नाही?"

पडद्यावरच्या काळ्या खिडकीतून ते दूरच्या एका कॉम्प्युटरला सारखी हाक मारत होते. तिकडून ओ आली की एक ओळ उमटते. आता काहीच उमटत नव्हतं.

"कोणाचा हाय तो?"

"वैशूचा. पुण्याले."

वैशू त्यांची एकुलती मुलगी. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा काका तिला नाही नाही ते बोलले. तेव्हापासून अबोला. कॉम्प्युटर मात्र त्याआधी काकांनीच बसवून दिलेला.

"वैशू बोलत नाही, पण तिचं मशीन रोज ओ देत होतं. म्हंजे बरी हाय, एवढं समजे." काकांनी पुन्हा एकदा हाक मारून पाहिली. "तिनं मुद्दाम बंद केलं नसन, मास्तर. माह्याच इकडं काही खराब असन."

मी सरळ वैशूला फोन लावला आणि काकांच्या कानाशी धरला. तिने उचलला. आता माफी मागतील, असं वाटलं.

"तुह्याकडं लाईट हाय ना, बाई?"

तिकडून बारीक आवाज आला, "हाव, बाबा. तुम्ही जेवले काय?"

काकांनी नुसती नकाराची मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, हे एवढ्या मोठ्या तंत्रज्ञाला कळेना. शेवटी मीच ओरडलो, "नाही जेवले!"