मेट्रन पाटोळे यांची सेवा

सेवेला दोन माणसे लागतात : एक करणारा आणि एक करून घेणारा. पैकी पहिला प्रकार जगात मुबलक आहे. टंचाई असते ती दुसऱ्याची.

खडकीतल्या एका ख्रिस्ती वृद्धाश्रमाला ही टंचाई मार्चमधल्या एका मंगळवारी फार जाणवली. अमेरिकेतल्या एका चर्चचे चौदा स्वयंसेवक, चौदा सारखे निळे टी-शर्ट घालून, 'एक दिवस वृद्धांसाठी' साजरा करायला सकाळी नऊलाच हजर झाले. आश्रमात वृद्ध होते अकरा. त्यातले दोघे अंथरुणाला खिळलेले (त्यांचे सगळे दोन पगारी बायका रोजच करत असल्याने ते सेवेत धरता येईना), एक आजी डोळे तपासायला गेलेल्या आणि एक आजोबा निळे टी-शर्ट दिसताच न्हाणीघरात शिरून कडी लावून बसलेले. उरले सात. म्हणजे दरडोई दोन स्वयंसेवक. इतकी सेवा मंत्र्यांनाही मिळत नाही.

कुसुमबाई पाटोळे या सातांपैकी एक. वय एक्याऐंशी. चौतीस वर्षे नर्स, त्यातली शेवटची नऊ मेट्रन. त्या वॉर्डात शिरल्या की मोठमोठे डॉक्टर खिशातले हात बाहेर काढत. पण आश्रमाचा तरुण व्यवस्थापक अभिनव साळवे याने आदल्या दिवशी चहाच्या वेळीच बजावले होते.

"पाहुण्यांसमोर हसतमुख राहायचं. गोळ्या आपल्या आपण घ्यायच्या नाहीत, त्यांना देऊ द्यायच्या. आणि इंग्रजी बोलायचं नाही."

"का बरं?" कुसुमबाईंनी विचारले.

"अहो मेट्रन, मागच्या वर्षी तुम्ही त्यांच्या फलकावरची स्पेलिंगची चूक काढलीत. दुपारनंतर त्यांचा उत्साहच गेला."

आश्रमाचे अन्न खायचे आणि पाहुण्यांचा विरस करायचा, हे कुसुमबाईंना पटण्यासारखे नव्हते. त्यांनी इंग्रजी न येण्याचे कबूल केले.

साडेनऊला हॅना नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने त्यांची नखे कापली. काम अगदी मनापासून. सव्वादहाला दुसरी जोडी आली. त्यांच्याही कामांच्या कागदावर नखेच होती. अकराला तिसरी आली तेव्हा कापायला काही शिल्लक नव्हते. त्यातल्या मुलाने नेलकटर हवेतच दोनदा वाजवला, दुसऱ्याने फोटो काढला आणि सेवा संपन्न झाली.

मग हॅना रक्तदाब मोजायला परत आली. पट्टा तिने कोपराच्या खाली, तोही स्वेटरवरून बांधला. आकडा आला साठ-चाळीस. या हिशेबाने कुसुमबाईंना जाऊन आठवडा व्हायला हवा होता. मुलीचे डोळे भरून आले. तिने त्यांचा हात घट्ट धरला. कुसुमबाई वचनाला जागून गप्प राहिल्या. चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढे कष्ट त्यांना कधी पडले नव्हते.

साडेबाराला जेवण वाढता वाढता हॅनाच व्हरांड्यात कोसळली. स्वयंसेवकांना दिलेल्या पुस्तिकेत 'भारतातले पाणी पिऊ नये' असे छापलेले होते आणि तिची स्वतःची बाटली आठ वाजताच संपली होती. बाकीचे तेराजण तिच्याभोवती गोल करून प्रार्थना करू लागले. प्रार्थनेला कुसुमबाईंचा आक्षेप नव्हता. त्या स्वतः रोज दोनदा करत. पण तेराजणांनी गोल केल्यावर वारा कुठून येणार, एवढाच त्यांचा मुद्दा होता.

"मूव्ह बॅक! ऑल ऑफ यू!"

सगळे मागे सरले. अभिनवही सरला. एका धिप्पाड मुलाला हॅनाचे पाय उचलून धरायला लावून कुसुमबाईंनी तिची नाडी पाहिली, तोंडावर पाणी मारले. ती शुद्धीवर आल्यावर साखर-मिठाचे पाणी घोटघोट पाजले. "मी स्वतः उकळलंय. पी मुकाट्यानं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. ती मुकाट्याने प्यायली.

दुपारभर हॅना कुसुमबाईंच्या खाटेवर पडून होती आणि कुसुमबाई शेजारी खुर्चीत. (संध्याकाळच्या अहवालात अभिनवने 'लाभार्थी : आठ' असे लिहिले आणि मग खोडून सात केले.) बोलता बोलता कुसुमबाईंनी तिच्या घरच्यांची चौकशी केली. आजी आहे, मुलगी म्हणाली. अशाच एका आश्रमात. घरापासून गाडीने वीस मिनिटांवर.

"तिची नखं कोण कापतं?"

 

साडेपाचला, म्हणजे तिकडे उजाडले असेल तेव्हा, कुसुमबाईंनी तिला आजीला फोन लावायला लावला. फोन बराच वेळ वाजला.

"हॅना? कोण गेलं?" पलीकडून पहिलाच प्रश्न आला.

"कुणी नाही गं, आजी. सहज केला."

"भारतातून? सहज?"

मुलगी रडायला लागली. फोन रिकामा कशाला ठेवायचा, म्हणून कुसुमबाईंनी तो घेतला. पुढची अकरा मिनिटे दोघी म्हाताऱ्या बोलत होत्या, मुख्यतः गुडघ्यांविषयी. कुसुमबाईंना इतक्या मोकळेपणी हसताना आश्रमात कुणी पाहिले नव्हते. जाताना हॅनाने त्यांना घट्ट मिठी मारली. या वेळी फोटो काढायला कुणी जवळ नव्हते.

बाकी दिवसभराचे फोटो संध्याकाळी आश्रमाच्या ग्रुपवर आले. कर्वेनगरला राहणारे कुसुमबाईंचे चिरंजीव संजयराव यांनी नखांच्या फोटोखाली हात जोडले आणि लिहिले, 'एवढ्या लांबून येऊन किती करतात हे लोक! नाहीतर आपल्याकडचे.'

संजयराव वाईट गृहस्थ नाहीत. खडकी ते कर्वेनगर हे अंतर दहा-अकरा किलोमीटर, त्यात विद्यापीठाच्या चौकातली वाहनांची कोंडी. अमेरिकेहून यायला एकदा विमान बदलले की झाले. ते आईला विसरलेले नाहीत. दर नाताळला न चुकता येतात, केक घेऊन.

तरीही कुणा वाचकाला त्यांना नावे ठेवावीशी वाटली, तर त्याने आधी स्वतःच्या फोनमध्ये 'आई' या नावापुढची शेवटची तारीख पाहावी. तिने केलेले आणि आपण न उचललेले फोन मोजणीत धरू नयेत.