पाखरांच्या शेताचा राखणदार

साठे हरणांना 'अहो' म्हणायचे. मला पहिल्या भेटीपासून अरे-तुरे, आणि शेतात घुसलेल्या हरणाला मात्र, "अहो, ही काय वेळ झाली जेवायची? डिसेंबरात या!" हरीण निमूट निघून गेलं की मला ऐकवायचे, "तुझ्या लेकीपेक्षा यांना मराठी जास्त कळतं."

नेदरलँड्समध्ये, वाखनिंगनला आमच्या घरांमागे शेताचा एक तुकडा होता. हिवाळ्यात पाखरांना, जनावरांनाही दाणा मिळावा म्हणून त्यात राळा आणि सूर्यफुलं पेरायची, पीक उभंच ठेवायचं. पण हरणं, ससे सप्टेंबरातच पंगत उरकायचे. कोविडमुळे राखणीला येणारी माणसं बंद झाली आणि शेजारच्या साठ्यांनी, पन्नाशीच्या या सडाफटिंग संशोधकाने, काम अंगावर घेतलं. बरोबर मलाही ओढलं. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून मी इतका विटलो होतो, की नाही म्हणायचंही त्राण नव्हतं.

"जनावरांसाठी पेरायचं आणि जनावरांपासूनच राखायचं! कशाला हो हा उपद्व्याप?"

"आत्ता संपलं तर जानेवारीत काय खातील? तुझी अक्कल?"

त्यांनी रिकामे डबे बांधले, जुन्या सीडी टांगल्या, स्वतःचा कोट घालून बुजगावणं उभं केलं. हरणं दोन दिवस बिचकली. पाखरं मात्र कायमची पळाली.

ऑक्टोबरात साताऱ्याला त्यांची आई गेली. तिकीट, चाचणी, विलगीकरण... दहाव्यालासुद्धा पोचणं शक्य नव्हतं. दहाव्या दिवशी ते भाताचा गोळा घेऊन बांधावर बसले. मी दीड मीटरवर.

"तिकडे धाकट्या भावाने सगळं केलं रे. पण कावळा शिवेना. शेवटी दर्भाचा केला. माझ्यातच जीव अडकलाय तिचा."

कावळे लांब झाडावर बसलेले. तासभर एकही खाली येईना. साठे एकदम उठले. डबे तोडले, सीडी ओरबाडल्या, बुजगावणं आडवं केलं. "या रे बाबांनो. चुकलं माझं."

मागे सूर्यफुलांत हरणं शिरली. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"आई, मी दोन्ही वेळा नीट जेवतो गं," साठे हात जोडून म्हणाले.

कावळे ढिम्म. हा माणूस ओट्यापाशी उभ्याने पाव खातो, हे मला ठाऊक होतं. त्या माउलीलाही असणारच.

"आजी," मी म्हणालो, "आजपासून यांचा डबा आमच्याकडून."

थोड्या वेळाने एक कावळा उतरला. त्याने गोळ्याला चोच लावली आणि साठे ओक्साबोक्शी रडायला लागले. अंतर ठेवायचा नियम होता. मी उठलो आणि त्यांना घट्ट धरून बसलो.