सेन्सिटिव्हिटी फुल्ल

"अजून वाढवा," साहेब म्हणाले.

टेस्टिंगच्या बाईंनी मान वर केली. चार दिवस त्या दाराचं कुलूप उघडणाऱ्या कार्ड रीडरच्या बोर्डाला चिकटून बसल्या होत्या. रिसीव्हरची सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी चढवायची, कार्ड धरायचं, पट्टीनं अंतर मोजायचं, वहीत लिहायचं. मधली पायरी सगळ्यात भरवशाची, असं ती वही ओरडून सांगत होती. पण साहेब वह्या वाचत नसत. साहेबांना व्हिजन होतं.

"साहेब, आणखी वाढवली तर नको ते पकडेल. खिशातलं कार्डसुद्धा वाचेल."

"मग वाचू दे की! पाकीट काढायचा त्रास वाचला. फुल्ल करा. आणि हे बघा, गिऱ्हाइकासमोर तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी बोलेन."

बाईंनी सेटिंग फुल्ल केली, तो रीडर मीटिंगरूमच्या दाराशी आतल्या बाजूनं बसवला आणि गुमान कोपऱ्यात जाऊन बसल्या.

अकराला एका मोठ्या ऑफिसच्या खरेदी विभागाच्या मॅडम आल्या. दार लागलं; आता ते कार्डाशिवाय उघडणार नव्हतं. साहेब दाराला पाठ देऊन उभे राहिले आणि सुटलेच.

'टीं!' मागच्या खिशातलं कार्ड रीडरनं वाचलं. खट्ट! कुलूप उघडलं.

"बघितलंत? हातसुद्धा लावावा लागत नाही!"

साहेब हसले, टीं. डुलले, टीं. "आमची दूरदृष्टी..." टीं, टीं. एकच कार्ड मिनिटात दहा वेळा लागलेलं पाहून यंत्रणेनं आपल्या परीनं निष्कर्ष काढला, की कार्ड चोराच्या हाती लागलंय. लाल दिवा पेटला. कार्ड बाद, दार बंद.

साहेबांनी कार्ड काढून दाखवलं, शर्टाला पुसलं, त्यावर फुंकर मारली. शेवटी लाजलज्जा गुंडाळून ते परत मागच्या खिशात घातलं आणि रीडरला बूड टेकवून पाहिलं. लालच.

वीस मिनिटं झाली. मॅडम बाईंकडे वळल्या. "तुम्ही काहीच का बोलत नाही हो?"

बाईंनी साहेबांकडे बोट दाखवलं.

"बोला, बोला एकदाच्या!" साहेब घामाघूम झाले होते.

"माझं कार्ड चालतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी गळ्यातलं कार्ड पुढे केलं. खट्ट!

मॅडम उठल्या, पण बाहेर गेल्या नाहीत. त्यांनी बाईंची वही मागून घेतली आणि पानन् पान वाचली.

"चाळीस नग द्या. बाईंच्या सेटिंगचे."

साहेबांचा जीव भांड्यात पडला.

"आणि तीन साहेबांच्या सेटिंगचे," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडेही तीन साहेब आहेत."