बळीरामचं आरमार

बळीरामच्या हल्यांना मराठी समजत नाही.

हल्या म्हणजे रेडा. आमच्याकडे धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, चिखल करायला बैलापेक्षा हल्या बरा. एका साली माझा एक बैल पाय धरून बसला म्हणून मी शेजारच्या बळीरामची जोडी मागून आणली. बांधीत उतरवली, नेहमीसारखी हाळी दिली, जीभ टाळूला लावून टकटक केलं, शेपूट पिरगाळलं. जोडी जागची हलेना. शेवटी बांधावरून माझी बायको देवका ओरडली, "अजी, पोर्ट म्हना, पोर्ट!" मी म्हटलं, "पोर्ट!" जोडी झटक्यात डावीकडे वळली. स्टारबोर्ड म्हटलं की उजवीकडे; बोटीवर डाव्या-उजव्याला असंच म्हणतात. मी चौथी शिकलेला माणूस, दिवसभर चिखलात उभा राहून इंग्रजी बोलत होतो आणि हायवेकडे जाणारे लोक सायकली थांबवून पाहत होते.

डावा हल्या बिस्मार्क, उजवा तिरपिट्झ. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांच्या या दोन सगळ्यात मोठ्या बोटी, एकाच घडणीच्या. बळीराम सांगायचा, "दोघी सख्ख्या बहिनी हायेत."

"बळीराम, हे हल्ये हायेत."

"असू दे भाऊ. बोटीले बाईच म्हंतेत."

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस आरमारात होता. कुठला! आम्ही भंडाऱ्याजवळच्या शहापूरचे. आमच्याकडे पाणी म्हणजे गावचा तलाव, फार झालं तर वैनगंगा. समुद्र इथून कोणत्या बाजूला आहे यावरून पानठेल्यावर भांडण होऊ शकतं. बळीराम तर सत्तरीला आला तरी त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता. दोन एकर धान, थोडी वांग्याची वाडी, आणि डोक्यात दोन महायुद्धांतल्या झाडून सगळ्या लढाऊ बोटी.

हे कसं लागलं ते सांगतो. त्याची बायको गेली तेव्हा लेक लता फ्रॉकात होती. त्यानंतर कधीतरी वरठीच्या एका साहेबाची बदली झाली, त्याची रद्दी निघाली, आणि त्या रद्दीतून बळीरामनं बोटींच्या चित्रांचं एक जाड पुस्तक उचललं. शाळेतल्या गुरुजींच्या मागे लागून चित्रांखालचं इंग्रजी वाचून घेतलं. गुरुजी पुढे-पुढे त्याला पाहून रस्ता बदलायचे. मग मोबाईल आला आणि गुरुजी सुटले. आम्ही म्हटलं, बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झाला. दोन-चार दिवसांत उतरेल. लताचं लग्न झालं, तिला लेकरं झाली, उतरलं नाही.

एका वर्षी रोवणीला त्यानं कमाल केली. रोवणी करताना बाया दोरीच्या सुमारानं सरळ ओळीत रोपं लावतात. यानं दोरी नागमोडी बांधली. अंजनाबाई आमच्याकडच्या रोवणीच्या बायांची पुढारीण, जिभेची तिखट. तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "बळीरामभाऊ, हे काय सापावानी?"

"लढाईत मालाच्या बोटी नाकासमोर जात नसत, बाई. अशाच जात. पानबुडीचा नेम चुकते."

"तुमच्या धानावर कोन नेम धरून राहिला?"

"खोडकिडा," बळीराम म्हणाला. अगदी गंभीर.

हसता हसता बाया चिखलात बसायच्या बाकी राहिल्या. त्या साली खोडकिडा सगळ्यांकडे आला, त्याच्याकडेही आला. निंदण करताना बायांना ओळ सापडेना, त्या एकमेकींच्या अंगावर जाऊन आदळत. मी विचारलं, "काय झालं गा तुह्या नेमाचं?" तर म्हणतो, "काही तं चुकलेच असतीन, भाऊ. आपल्याले मोजता नाही आले."

बिस्मार्क हल्याच्या मागच्या पायात खुंटी घुसली तेव्हा मात्र त्याची दशा पाहण्यासारखी झाली. हल्या लंगडत एकाच बाजूला गोल गोल फिरायला लागला. जनावरांचे डॉक्टर आले, तर हा त्यांना धरून सांगतो, "सायेब, खऱ्या बिस्मार्कचंही असंच झालं होतं. कापडाच्या पंखाचं जुनं इमान आलं, त्यानं टारपेडो टाकला, सुकानूच अडकलं. मंग ते बोट गोल फिरत राह्यली, आन् सकाळी सगळ्यांनी मिळून तिले मारलं." डॉक्टरांनी इंजेक्शन भरता भरता विचारलं, "म्हणजे आता काय करायचं म्हणता?" बळीराम म्हणाला, "मी सकाळपर्यंत इथून हलत नाही." आणि खरंच गोठ्यात खाट टाकून बसला. हल्या बरा झाला. डॉक्टर अजून मला भेटले की आधी बिस्मार्कची तब्येत विचारतात.

हे सगळं कोणी मन लावून ऐकलं असेल तर आमच्या देवकानं. मला त्या बोटींचा मनापासून कंटाळा. ती तांदूळ निवडत बसायची आणि हा ओसरीत बसून सांगायचा. तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लागायची. पहिल्या महायुद्धातली एमडेन बोट. या बोटीनं मद्रासवर तोफा डागल्या होत्या, पण देवकाला त्याचं काही नाही. पुढे त्या बोटीचे काही खलाशी एका बेटावर उतरले, तेवढ्यात दुश्मनाची मोठी बोट आली आणि एमडेन त्यांना तिथंच सोडून लढायला निघून गेली. ते किनाऱ्यावर उभे राहून पाहत राहिले. एमडेन काही परत आली नाही. मग त्यांनी तिथलंच एक जुनं शिडाचं गलबत घेतलं आणि निघाले. इथं देवका हात थांबवून विचारायची, "मंग पोचले का घरी?"

"पोचले, वयनी."

"सगळे?"

"बहुतेक."

"म्हंजे नाही पोचले," म्हणून ती पुन्हा तांदळाकडे वळायची. प्रत्येक वेळी हेच. मी म्हणायचो, तुले माहीत हाय ना शेवट, मंग कायले इचारते? ती म्हणायची, एखाद्या बारीनं तरी हा 'सगळे' म्हणंन.

देवका गेली पोळ्याच्या आठवड्यात. ताप आला, भंडाऱ्याला नेलं, आणली ती तशीच आणली. त्यावर जास्त लिहीत नाही. लिहून ती काही परत येणार नाही, आणि मला रडक्या माणसांचा राग येतो.

तेरवीला पंगत वाढायचं काम बळीरामनं अंगावर घेतलं आणि माणसांच्या पाळ्या लावल्या. आधी कोण जेवणार, वाढणारे कधी जेवणार, सगळं बोटीवरच्या जेवणासारखं. माझ्या साळ्याला त्यानं दोनदा रांगेतून उठवलं, कारण त्याची पाळी नव्हती. साळा अजून त्याच्याशी बोलत नाही. पण भात कमी पडला नाही, हे खरं.

त्यानंतर बळीराम रोज सांजेला माझ्याकडे यायला लागला. हातात भाजीचा डबा. दारातूनच आवाज, "रसद आली!" मग चूल मीच पेटवायची, भात मीच टाकायचा, आणि तो समोर बसून कोणती बोट कुठं बुडाली ते सांगणार. जेवून झालं की उठून जाणार. मी मनात म्हणायचो, देवका गेली, याचं ऐकणारं माणूस गेलं, आता हा माझे कान खातो. तोंडावरही म्हटलं. "मले तुह्या बोटीचं काय करायचं गा?" तो म्हणायचा, "काही नको करू. भातावर ध्यान ठेव."

धान चुरून झाले, म्हणजे मळणी उरकली, आणि लताचा फोन आला. तिचा नवरा विशाखापट्टणमला गोदीत रंगाऱ्याचं काम करतो. ती दर वर्षी बापाला बोलावते. तिथं समुद्राच्या काठावर एक खरी पाणबुडी ओढून ठेवली आहे, तिकीट काढून आत जाता येतं. बळीराम दर वर्षी म्हणायचा, रोवणी झाली की येतो. मग म्हणायचा, कापणी झाली की येतो. या वेळी जावयानं तिकीटच काढून पाठवलं. पुन्हा रजा मिळते का नाही, म्हणून याच वेळी या, असं बजावलं.

बळीरामचे पाय जमिनीवर नव्हते. "ते पानबुडी लढाईच्या नंतरची हाय म्हना," त्यानं मला बजावलं, जशी काही मी तक्रार करणार होतो, "पन जात तेच." कापडी बूट घेतले. लेकीसाठी लाखोरीची डाळ बांधली. हल्ये भावाकडे नेऊन बांधले आणि भावाला पोर्ट-स्टारबोर्ड शिकवलं. सकाळी गल्ली जमली. अंजनाबाई म्हणाली, "समुद्रात नागमोडी रोवनी नका करू!" मी ओसरीतूनच म्हटलं, "जा बावा एकदाचा. आठ दिवस डोक्याले आराम." तो ऑटोत बसून वरठीला स्टेशनवर गेला.

त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. एका माणसासाठी काय पेटवायची? मुरमुरे होते.

दिवेलागणीला फाटक वाजलं. बळीराम उभा. तीच पिशवी, तीच डाळ, बुटांवर धूळ.

"काहून गा?"

"गोंदियाले उतरलो."

"कायले?"

"चहा प्यायले. गाडी सुटली."

"सामान घेऊन चहा प्यायले उतरला?"

तो सरळ घरात गेला, चुलीतली राख बोटानं पाहिली. थंड. "आज काय खाल्लं?"

"मुरमुरे."

"आन् सकाळी?"

"मुरमुरेच."

"हे पाह्य! मले ठाऊकच होतं!" असा भडकला की जसं मी त्याची बोट बुडवली. लाकडं ओढली, चूल पेटवली, मी काही म्हणायच्या आत तांदूळ धुऊन भात टाकला. मला पण राग आला. म्हटलं, "बळीराम, लढाईत एखादी बोट मागं पडली तं बाकीच्या थांबत होत्या का?"

"नाही. तिले सोडून जात."

"मंग?"

"तो कायदा इंग्रजाचा होता," तो चुलीत फुंकत म्हणाला.

रोज भात शिजेपर्यंत त्याची एक तरी बोट बुडून व्हायची. आज एकही नाही. मग चुलीकडेच पाहत म्हणाला, "सांज निघता निघत नाही, भाऊ. लताची माय गेली तवा मी पाह्यलं हाय. मी त्याच्यात बोटी भरल्या. तू काय भरशीन?"

मी त्याच्या खिशातून मोबाईल काढला आणि म्हटलं, लताले लाव. त्यानं लावला. मी म्हटलं, "पोरी, बाप तुहा गोंदियाहून वापस आला. आता दोन मानसाचं तिकीट काढायले सांग जावयाले. पैसे मी देतो. हो, मी पन येतो. नाही, मले बोटी नाही आवडत. पन एवढ्या लांबच्या गाडीत हा एकटा कोनाचं डोकं खाईन?"

फोन ठेवला. बळीराम उठून उभा राहिला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वाडीतली मोटर चालू राह्यली वाटते. बंद करून येतो." आणि भराभरा बाहेर गेला.

सकाळपासून हा माणूस गाडीत होता आणि वाडीकडची लाईन दुपारीच गेली होती. मी भाताखालचं लाकूड थोडं मागं ओढलं, म्हणजे तो येईपर्यंत लागणार नाही.