लाल पट्टीच्या शंभर बाटल्या

बाटली या विषयात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. शीतपेयांच्या कारखान्यात रिकाम्या बाटल्यांचा विभाग बावीस वर्षं सांभाळतोय मी. भरलेली बाटली कुणीही ओळखतो हो, रिकामी ओळखायला नजर लागते! परत आलेली बाटली हातात घेतली, की ती हॉटेलातून आलीय का घरातून, घरात लहान मूल आहे का नाही, हे मी बसल्या जागी सांगतो. मूल असलं, की आत पेन्सिलीचा तुकडा असतो.

आमच्याकडे सगळा कारभार काचेचा. पिऊन झाली की बाटली दुकानात परत, दुकानातून आमच्याकडे. मग गरम सोड्याच्या पाण्यात अंघोळ, उजेडासमोर तपासणी आणि पुन्हा भरून बाजारात. एकेक बाटली अशा तीस-तीस फेऱ्या मारते. शेवटच्या विसळणीचं स्वच्छ पाणीसुद्धा आम्ही सांडत नाही, पुढच्या खेपेच्या पहिल्या विसळणीला घेतो. वाया म्हणून काही जायचंच नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मालकांच्या डोक्यात प्लॅस्टिक शिरलं. प्यायची नि फेकायची बाटली! धुणं नको, परत आणणं नको, आणि अर्थातच धुण्याच्या विभागातल्या चौदाजणीही नकोत. मालकांचं म्हणणं, शंभरातल्या साठ तरी परत येतात का, ते देव जाणे. मी म्हटलं, पंच्याण्णव येतात. ते म्हणाले, सिद्ध करा. खुणेच्या शंभर बाटल्या बाजारात सोडा, सहा आठवड्यांत नव्वद परत आल्या तर काच राहील. नाहीतर शेवटच्या दिवशी पाच वाजता प्लॅस्टिकच्या यंत्राच्या कागदावर सही.

"नव्वद कशाला?" मी म्हटलं. "शंभरच्या शंभर आणून उभ्या करतो."

खूण कशी करायची, यावर मावशींनी तोंड उघडलं. मावशी म्हणजे धुण्याच्या विभागातल्या सगळ्यांत जुन्या. उजेडासमोर बाटली धरून केसाएवढा तडा पकडतात, बोलतात मात्र महिन्यातून दोनदा. त्यांचं मत, बुडाला बारीक ओरखडा काढावा, कुणाला दिसू नये असा.

"दिसणारी खूण नको," त्या म्हणाल्या. "खूण दिसली की लोक विचार करायला लागतात."

मी हसलो. नमुनेदार काम करायचं तर ते लांबून दिसायला नको? तेलरंगाचा डबा आणला आणि एकेका बाटलीच्या गळ्याला अशी झकास लाल पट्टी ओढली, की माझं मलाच कौतुक वाटलं. मावशी पाठोपाठ प्रत्येक बाटलीच्या बुडाला काच कापायच्या कलमानं ओरखडा काढत गेल्या. म्हटलं काढू देत, जुनं माणूस आहे, तेवढंच समाधान.

पहिला आठवडा गेला. लाल पट्टीची एकही बाटली आली नाही. दुसऱ्या आठवड्यात दोन आल्या, त्याही आमच्याच कॅन्टीनमधून! बाकीच्या साध्या बाटल्या मात्र रोजच्यासारख्या खणखणत येत होत्या. लाल तेवढ्या जणू जमिनीनं गिळल्या होत्या. धुण्याच्या विभागात बायका माझ्याकडे बघायच्या आणि पुन्हा खाली मान घालून कामाला लागायच्या. त्या बघण्यानं मला घास गोड लागेना.

शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला गाठलं. त्यानं मला बाजूला घेतलं, डोळा मारला आणि बक्षीस कधी जाहीर करताय म्हणून विचारलं. कसलं बक्षीस? तर लाल पट्टीवाल्या बाटलीवर म्हणे कंपनी स्कूटर देणार होती! गावभर हीच बातमी. न्हाव्याच्या दुकानात स्कूटरची मोटार झाली होती आणि शाळेच्या दारात दोन खोल्यांचं घर. लोक लाल बाटली घरात दडवून दुकानात दुसरीच साधी बाटली परत करत होते. मी शपथेवर सांगितलं, की असलं काही नाही. दुकानदार म्हणाला, अगदी बरोबर, आत्ताच फोडू नका.

पण डगमगेल तो मी नाही. पाचव्या आठवड्यात, मालकांना न विचारता, प्रत्येक दुकानात पाटी लावली: लाल पट्टीची रिकामी बाटली द्या, दोन भरलेल्या मोफत न्या. आणि काय सांगू तुम्हाला, पूर आला! गाडी रोज लाल बाटल्या घेऊन येऊ लागली. मी छाती पुढे काढून फिरत होतो. शेवटच्या दिवशी सकाळी मालकांसमोर मोजणी झाली. बाटल्या भरल्या तीनशे बारा.

मालकांनी चष्मा काढून त्याची दांडी दातात धरली.

"शंभर सोडल्या होत्यात ना?" ते म्हणाले. "आमची काच पिल्लं घालते, हे मला ठाऊक नव्हतं."

मी एकेक बाटली उचलून पाहिली. काहींना नेलपॉलिश होतं, काहींना लाल चिकटपट्टी. एकीवर टोमॅटोचा सॉस वाळला होता. एक तर खोकल्याच्या औषधाची होती! आणि त्या सगळ्यांवर आम्ही दोन-दोन भरलेल्या वाटून बसलो होतो. मालकांनी खिशातून पेन काढलं.

तेवढ्यात मावशी पुढे आल्या. एकेक बाटली उलटी करून उजेडासमोर धरत त्यांनी दोन ढीग लावले. बुडाला ओरखडा असलेल्या, म्हणजे खऱ्या, भरल्या एकोणनव्वद.

एक कमी. फक्त एक! मालक म्हणाले, पाच वाजेपर्यंत थांबतो.

दुपारी जेवायला घरी गेलो, पण ताटाला हात लावला नाही. बायकोला सगळं सांगितलं. एका बाटलीपायी चौदाजणी उद्यापासून घरी बसणार, आणि ती पट्टी ओढली कुणी, तर मी. बायको उठली, कपाट उघडलं आणि थंडीच्या पांघरुणांमागून एक बाटली काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली. गळ्याला लाल पट्टी. माझ्याच हातची, तेलरंगाची!

"पहिल्याच आठवड्यात मिळाली," ती म्हणाली. "कारखान्याच्या माणसाला बक्षीस देत नाहीत म्हणे. म्हणून मी ती भावाच्या नावानं देणार होते."

मी विचारलं, अगं, मग पाटी लागल्यावर का नाही दिलीस?

"दोन बाटल्यांवर कोण भागवतं? मी स्कूटरची वाट बघत होते."

बाटली उलटी केली. बुडाला ओरखडा होता. जेवण तसंच टाकून मी जो पळालो, तो थेट मालकांच्या टेबलाशी थांबलो. मालकांनी बाटली फिरवून फिरवून पाहिली, कुठून आली म्हणून विचारलं. मी म्हटलं, एका चोखंदळ गिऱ्हाईकाकडून. त्यांनी पेन खिशात ठेवलं. आत बातमी कळली तेव्हा धुण्याचं यंत्र पाच मिनिटं बंद होतं, आणि कुणीही ते सुरू करा म्हणालं नाही. मावशींनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला भरून आलं, उगाच कशाला लपवू.

म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं, हे ध्यानात घ्या. आता खुणेचं खातं मावशींकडे गेलंय आणि लाल रंगाचा डबा मालकांच्या कपाटात कुलपात आहे, पण ते बारीकसारीक. माझ्यावर मालकांनी खास कामगिरी सोपवलीय: राहिलेल्या दहा बाटल्या शोधायची. त्यांतल्या तीन कुठे आहेत, ते मला ठाऊक आहे. मेहुण्याच्या शोकेसमध्ये, काचेमागे, ओळीनं मांडलेल्या. तो म्हणतो, दाजी, आधी स्कूटर दाखवा.